औषध नाही हो, ती तर रोजची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

सायनसचं दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटलं की लोक विचारतात, "डॉक्टर, रक्त किती जाईल?" बहुतेक वेळा थोडंच जातं. आम्हाला धास्ती असते ती एका थेंबाची. दुर्बीण जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची. तिच्या काचेवर थेंब आला की समोरचा पडदा लालभडक. आणि त्या जागी डोळा कागदासारख्या हाडापलीकडे, वर मेंदू. दिसत नसेल तर हात थांबवायचा. पुन्हा सांगतो, दिसत नसेल तर हात थांबवायचा.

एक काका आले होते. जन्मभर एसटी चालवलेले. नाकात द्राक्षाच्या घडासारखे पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तराला सूज येऊन वाढलेले मऊ गोळे; वास येणं बंद. मी विचारलं, "औषध कुठलं चालू आहे?" म्हणाले, "काही नाही." मीही तसंच लिहून घेतलं. रक्ताचे रिपोर्ट छान, बीपी छान.

ऑपरेशनला सगळं रीतसर केलं. उशाकडची बाजू उंच केली, म्हणजे नाकातल्या रक्ताचा दाब उतरतो. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या ॲड्रेनलिनच्या पट्ट्या नाकात भरून घड्याळ लावून 10 मिनिटं थांबलो. भूलतज्ज्ञ बाईंनी नाडी साठाच्या घरात आणून ठेवली. तरी पाझर थांबेना! एखादी रक्तवाहिनी उडत असती तर डाग देऊन बंद केली असती. इथे पावसाळ्यात भिंतीला ओल यावी तसं चहूबाजूंनी झिरपत होतं. पुन्हा पट्ट्या, गरम सलाइनने धुणं, पुन्हा वाट बघणं. कशीबशी उजवी बाजू झाली. डावीला हातच लावला नाही.

बाहेर आलो तर काकू पिशवीतून स्टीलची डबी काढून उभ्या. "यांची पांढरी गोळी आज राहिली हो. आता देऊ का?"

ॲस्पिरिन! रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी. मी म्हटलं, "अहो, मी विचारलं होतं ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ते औषध नाही हो, ती तर रोजची गोळी." वर अनशापोटी लसणाच्या चार पाकळ्या, त्या वेगळ्याच.

दुसऱ्या दिवशी मी काकांना चाचरत सांगितलं की अर्धंच झालंय. ते म्हणाले, "काच खराब झाली म्हणून गाडी बाजूला घेतलीत ना? घाटात मीही तेच करायचो."

डबीतल्या त्या गोळीवर नाव नव्हतंच. दुकानात पट्टी कात्रीने कापून देतात आणि नाव नेमकं उरलेल्या तुकड्यावर राहतं. याचा मला फार राग आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

ॲस्पिरिनचा परिणाम 7 ते 10 दिवस टिकतो. फक्त ऑपरेशनच्या दिवशीची गोळी चुकवली म्हणून पाझर कमी होत नाही. पण ऐका, मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, मगच. काकांची गोळी तशीच विचारून थांबवली, लसूण थांबवला, पॉलिपची सूज उतरायला आधी काही दिवस स्टेरॉइड दिलं. दीड महिन्याने डावी बाजू केली. पडदा स्वच्छ.

तेव्हा तपासणीला येताना घरातली सगळी डबी-बाटली पिशवीत घालून आणा. काढे, चूर्णं, माशाच्या तेलाच्या कॅप्सुलासुद्धा. त्यातलं औषध कुठलं ते आम्ही ठरवू. आणि ऑपरेशननंतर नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. ताजं रक्त वाहतच राहिलं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात या.

नमस्कार.