गुरुवारची सुट्टी आणि रविवारचं घर

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या लोकांनी मला विषय दिला, काम आणि विश्रांती यांचा तोल, आणि मी त्यांना म्हटलं अहो मी डॉक्टर नाही, योगावाला पण नाही, भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काढलेला माणूस, मी काय तोल सांगणार? तर ते म्हणाले तेच सांगा. म्हणून आलोय.

आता इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माहितीय की आपल्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. नवीन माणसाला वाटतं दत्ताचा वार म्हणून असेल. तसं काही नाही हो, ते लाइटीमुळे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम चालू असं झालं तर विजेचा लोड सांभाळायचा कसा, म्हणून भागाभागाला वार वाटून दिले, आपल्या वाट्याला गुरुवार आला. आमची ही शाळेत शिक्षिका, तिला सुट्टी रविवारी. म्हणजे बघा, आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या होत्या, आणि तरी एकही नव्हती. गुरुवारी मी उठायचो तेव्हा घरात कोणी नाही, ओट्यावर झाकलेली पोळी-भाजी आणि पोरीच्या दप्तरातून पडलेला एखादा खोडरबर. आणि रविवारी त्या दोघी घरात, मी कंपनीत. थर्ड शिफ्टचा आठवडा असला की आणखी मजा, खिडकीच्या काचांना पेपर चिकटवून दिवसा झोपायचं, तेवढ्यात कुकरची शिट्टी, मग भंगारवाला, मग शेजारच्या मजल्यावर ड्रिल मशीन. आठ तास झोपलो असं घड्याळ म्हणायचं, अंग काही म्हणायचं नाही.

तर मला सांगायचंय ते एवढंच की सुट्टी किती तासांची यापेक्षा ती कुणाबरोबर आहे हे बघा. हे मला कळलं रिटायर झाल्यावर, नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल वाचताना.

लोखंडे मूळचे आपल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, वाढले ठाण्याला, जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामाचे तास म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर काम पण मोठं. १८८१ चा कायदा आला त्यात ७ ते १२ वर्षांच्या पोरांना दिवसाला ९ तास आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या, आता ७ वर्षांचं पोर गिरणीत हेच डोक्यात जाण्यासारखं आहे पण ते असो, मोठ्या माणसाला मात्र त्या कायद्यात काहीच नव्हतं. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला. मागण्या बघा किती साध्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्य मावळला की बंद, पगार १५ तारखेच्या आत. ऐकतंय कोण! मग २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांची सभा झाली, तिथे दोन कामगार बाया पण बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. पुढच्या वर्षी कायद्यात पण आली.

लोक म्हणतात रविवार इंग्रजांनी दिला. हो, दिला, पण साहेबाच्या ऑफिसात. गिरणीत तो मागून, भांडून घ्यावा लागला. आणि लोखंडे म्हणायचे असं सांगतात की रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे. मला ते फार आवडतं. त्या माणसाने नुसती सात दिवसांत एक सुट्टी द्या म्हणून सोडलं नाही, वार मागितला, सगळ्यांना एकच!

त्याचं काय झालं ते माझ्या मामांकडे बघितलंय. ते लालबागला गिरणीत, गाळ्यात पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. पण रविवारी सगळ्या पाळ्या एकदम मोकळ्या, मग भजनी मंडळ, कबड्डी, कोकणातल्या पोरांचं शक्ती-तुरा. मामा पखवाज वाजवायचे. पखवाज एकट्याला वाजवता येतो हो, पण बुवा दुसऱ्या पाळीला आणि टाळवाले तिसऱ्या पाळीला असतील तर भजन कसं होणार? आता माझ्या सोसायटीत बघा, आयटीवाल्यांची सुट्टी शनिवार-रविवार, आमची गुरुवार, सलूनवाल्याची सोमवार, दवाखान्यातल्या नर्सबाईंची रोस्टरप्रमाणे, आणि डिलिव्हरीवाल्या पोराची कधीच नाही. क्रिकेटला अकरा जण जमत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या सुट्टीला मोबाईल बघत लोळतो आणि संध्याकाळी म्हणतो दिवस वाया गेला.

आणि मालकाला शिव्या देण्याआधी एक कबूल करतो. लोखंड्यांनी सुट्टी मिळवली, आम्ही ती विकली. फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे ओटी, म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे, डबल, मग सुपरवायझरने विचारलं गुरुवारी येतोस का की माझा हात आधी वर. घरावरची खोली ओटीवर चढलीय माझी. त्या खोलीत बसून पोरीने दहावीचा अभ्यास केला, मी तो करताना किती वेळा बघितला असेन ते मात्र विचारू नका. कधी कधी पैसे पण नाहीत, नुसता कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, तो महिनाभरात घ्यायचा नाहीतर गेला, आणि त्या महिन्यात कधीही सुट्टी मागितली की साहेब म्हणायचे अरे आता नको, ऑडिट आहे.

म्हणून २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे ९ चे १२ तास करायला मंजुरी दिली तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली. आठवड्याचे ४८ तेच राहणार म्हणे, म्हणजे गणिताने चार दिवसांत काम आटोपतं, तीन दिवस मोकळे. कागदावर छानच. पण चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एकदा सकाळी अडकून बघा, १२ तासांत जाऊन-येऊन किती मिळवायचे ते कळेल. शिवाय ते तीन दिवस शाळेच्या कुठल्या दिवसांशी जुळणार, ते कोणी बोलत नाही.

आमच्या गावी बैलाचं बरं होतं. सोमवारी औत धरायचं नाही म्हणजे नाही, पाऊस येवो न येवो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी, माझे आजोबा हळद आणि तूप घेऊन बैलाचा खांदा चोळायचे, जिथे जू घासून कातडं जाड झालेलं असतं ना बरोबर तिथे, आणि त्याच्या कानात म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. अख्ख्या गावाचे बैल एकाच दिवशी मोकळे, म्हणून तर ती मिरवणूक. एकट्या बैलाला कोण वाजत-गाजत नेणार?

बरं, मागच्या रांगेतले ते दोघं सारखे घड्याळ बघतायत, मी बघतोय कधीचा. थर्ड शिफ्ट ना? कुठल्या स्टॉपवरून बस? मग निघा बाबांनो, जेवण व्हायचंय अजून तुमचं. नाही नाही, अवघडू नका, जा. त्यांना जरा वाट द्या हो, खुर्च्या सरकवा.