वाड्याविना अंगण

पोर्तुगालचे राजवाडे दाखवायला मी माणसांना आधी नेते, ते वाडाच नाही अशा जागी. लिस्बनमध्ये तेजू नदीच्या काठी मोठा मोकळा चौक आहे. नकाशात त्याचं नाव व्यापार चौक, पण लिस्बनकर अजून त्याला ‘तेरेरु दु पासु’ म्हणतात. म्हणजे वाड्याचं अंगण. पहिल्या मानुएल राजाचा रिबेइरा राजवाडा इथं होता, आणि ‘काझा दा इंडिया’ ही आपल्याकडच्या मिऱ्यांचा व्यापार सांभाळणारी कचेरीही तिथंच. राजा वर, मिरी खाली!

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ. आधी भूकंप, मागोमाग नदीतून चढलेलं पाणी, मग आग. वाडा गेला, राजग्रंथालय गेलं, उघडून सातच महिने झालेलं ऑपेरागृह गेलं. पहिला जुझे राजा तेव्हा शहराबाहेर, बेलेमला होता म्हणून वाचला. पण त्यानं दगडी छपराचा असा धसका घेतला, की आजुदाच्या टेकडीवर लाकडी महाल बांधून घेतला आणि १७७७ साली मरेपर्यंत त्यातच दरबार भरवला. लोक त्या महालाला म्हणत ‘रियाल बराका’, राजाची झोपडी. १७९४ मध्ये तीही जळाली. आज आजुदाला दिसतो तो दगडी राजवाडा त्यानंतरचा. त्यातली झुंबरं जरूर पाहा, पण आधी ही झोपडी डोळ्यांपुढे आणा.

लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाला सगळे धावतात ते डोंगरावरच्या लाल-पिवळ्या पेना राजवाड्याकडे. मी मात्र आधी गावातल्या जुन्या वाड्यात थांबवते. मुदपाकखान्याची तेहतीस मीटर उंच, शंकूसारखी दोन धुराडी लांबूनच दिसतात. आत एक साधी खोली आहे. सहावा अफोंसु राजा इथं कैदेत होता.

लहानपणच्या आजारानं त्याची एक बाजू लुळी पडली होती. १६६१ मध्ये बहीण कातारीनाच्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण ठरली, तेव्हा गादीवर हाच सतरा वर्षांचा पोरगा होता. कारभार आईच्या हाती. पुढे १६६७ मध्ये धाकट्या भावानं, पेद्रूनं, सत्ता घेतली. अफोंसुचं लग्न रद्द ठरलं आणि त्याच राणीशी पेद्रूनं लग्न लावलं. अफोंसुला आधी अझोर्स बेटांवर धाडलं, मग १६७४ मध्ये सिंत्राला आणून ठेवलं. तिथंच १६८३ साली तो वारला.

मुंबईकरांनी या खोलीत दोन मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या शहराचं दान ज्याच्या नावानं झालं, त्याला शेवटची नऊ वर्षं एवढीच जागा उरली होती. जमिनीवरच्या फरशा झिजलेल्या आहेत. त्याच्या येरझाऱ्यांनी त्या झिजल्या, असं तिथं सांगतात.