हलणारं इंजिन, वाढणारा पाइप

(दृश्य: साखळीला टांगलेलं इंजिन बोनेटखालच्या जागेत हळूहळू उतरतंय.)

निवेदन:

इंजिन आत उतरलं, माउंटिंगचे बोल्ट लागले, की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. पण जुन्या गाडीत दुसरंच इंजिन बसवताना ते आत मावणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. चालू असताना ते किती हलतं आणि सायलेन्सरचा पाइप तापला की किती लांबतो, हे जास्त अवघड. बंद गाडीत या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चाकांवर जोर आला की ते क्रँकच्या (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) उलट दिशेला कलतं आणि रिव्हर्समध्ये बरोबर विरुद्ध बाजूला. त्यामुळे मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपात सोडणारा भाग) आणि स्टिअरिंगचा रॉड यांच्यात नुसतं बोट शिरतंय म्हणून खूश होऊ नये. दोन-अडीच सेंटिमीटर फट असली तर निर्धास्त राहता येतं. खाली तेलाचा चेंबर आणि क्रॉस मेंबर (गाडीच्या सांगाड्यातला आडवा दांडा) यांचंही तसंच.

(दृश्य: एअर क्लीनरवर मातीचा छोटा गोळा. बोनेट बंद होतं, पुन्हा उघडतं.)

बोनेट बंद झाल्यावर आत काय होतं ते कसं कळणार? लहान मुलांच्या खेळातली मऊ माती एअर क्लीनरवर ठेवायची, बोनेट हलक्या हातानं लावायचं, उघडायचं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. बोनेट आणि एअर क्लीनर यांच्यात तेवढीच फट उरलेली असते. महागड्या उपकरणांपेक्षा ही युक्ती आम्हाला जास्त आवडते.

फट कमी पडली की इंजिन जरा खाली घ्यायचा मोह होतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इथेच नवं दुखणं सुरू होतं. गिअरबॉक्स कलला की प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसचे (टोकांच्या वळत्या सांध्यांचे) कोन बदलतात. पुढचा आणि मागचा कोन सारखा हवा, साधारण तीन अंशांच्या आत. दोन्ही कोन अगदी शून्यही नकोत, कारण मग क्रॉसच्या आतले बारीक रोलर फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. हे माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं. जॅकवर उचललेल्या गाडीत मागचा ॲक्सल खाली लोंबतो आणि कोन खोटे येतात.

इंजिनाची जागा कायम झाल्यावरच पाइपाला हात लावायचा. एक मीटर साधा पोलादी पाइप पाचशे अंशांनी तापला तर सुमारे 6 मिलिमीटर वाढतो, स्टेनलेसचा 8 ते 9. दोन्ही टोकं जखडली असतील तर ही वाढ जाणार कुठे? ती मॅनिफोल्डला तडा देते, त्याला धरणारे स्टड तोडते, जोडातलं पॅकिंग फुंकते. म्हणून इंजिनाजवळ जाळीचा लवचीक तुकडा आणि मागे रबरी हँगर. खडखड थांबावी म्हणून पाइप पट्टीनं चॅसीला आवळून टाकणं फार वाईट. आवाज थांबतो, पण तुटायची सुरुवात तिथूनच होते.

(दृश्य: वेल्डिंगचा टिपका. पाइप जोडीत किंचित सरकतो.)

वेल्डिंग थंड होताना पाइपाला ओढतं. त्यामुळे आधी सगळी लाइन गाडीखालीच टॅक (वेल्डिंगचे छोटे टिपके) मारून उभी करायची, फ्लँज (पाइपाच्या टोकांच्या जोडचकत्या) एकमेकांना बोल्टनं धरलेले ठेवायचे आणि पक्कं वेल्डिंग शेवटी. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवलेली बरी. ब्रेकचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्रा हवा आणि पत्र्यामागे हवेला जागा. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत न उकळता टिकतं, पण ओलावा शोषल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते.

आता कान द्या. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक येते आणि गाडी तापल्यावर थांबते. बऱ्याचदा ही मॅनिफोल्डच्या पॅकिंगची गळती असते. धातू फुगला की फट बुजते. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवणारा) आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि तो ते वाढवतो. मग इंजेक्टर बदलले जातात, प्लग बदलले जातात आणि दोष मात्र पॅकिंगमध्येच राहतो.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्या. मॅनिफोल्डचे नट मधून कडेकडे पुन्हा आवळा. खाली शिरून पाहा: जोडाभोवती काजळी म्हणजे गळती, रंग उडून चकाकणारी खूण म्हणजे घासणं. शिवाय फायरवॉलमधली (इंजिन आणि बसायची जागा यांच्यातला पत्रा) जुनी, रिकामी भोकं बुजवल्याशिवाय लांब जाऊ नका. गळणाऱ्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथूनच आत येतो आणि त्याला वास नसतो.