हशा ओसरता ओसरता: फेलिसिटी केंडलची कारागिरी

आपल्याकडे फेलिसिटी केंडल म्हटलं की ओळख निघते ती शशी कपूर यांची मेहुणी, जेनिफरची धाकटी बहीण, अशी. ब्रिटनमध्ये मात्र ती घराघरांत पोचली 1975 पासून, बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ या विनोदी मालिकेतली बार्बरा म्हणून: उपनगरातल्या घरामागे डुकरं-कोंबड्या पाळणारी, नवऱ्याच्या खुळात हसत सामील झालेली बायको. या यशाचं श्रेय तिच्या गोड चेहऱ्याला द्यायची पद्धत आहे. मला ते पटत नाही.

जन्म 1946 चा, इंग्लंडमधला. वाढली मात्र भारतात. आईवडिलांची ‘शेक्सपियराना’ ही फिरती नाटक मंडळी शाळा-कॉलेजांपासून राजवाड्यांपर्यंत कुठेही प्रयोग लावायची. ‘शेक्सपियरवाला’ (1965) हा चित्रपट त्याच जगावर बेतलेला आणि नायिका तीच. मग लंडन. 1974 मध्ये ॲलन एकबर्न यांचं नाट्यत्रय तिला मिळालं: एकाच शनिवार-रविवारची हकिगत, एकदा जेवणघरातून, एकदा दिवाणखान्यातून, एकदा बागेतून. त्यात पेनेलपी कीथ ही अभिनेत्रीही होती. पुढच्याच वर्षी दोघी ‘द गुड लाइफ’मध्ये शेजारणी झाल्या.

आता त्या काळी असली मालिका कशी व्हायची ते पाहा. बाहेरची दृश्यं आधी फिल्मवर घ्यायची. घरातली दृश्यं मग स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून, तीन-चार कॅमेऱ्यांवर. हशा खराखुरा, त्यामुळे नटाला थांबावं लागतं. किती? हशा शिगेला पोचून उतरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर ते बुडतं. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर प्रसंग पडतो. पण थांबलेल्या नटाचा चेहरा क्लोजअपमध्ये असतो, तो ‘थांबलेला’ दिसून चालत नाही. आवाजही नाट्यगृहातल्यासारखा फेकायचा नाही, कारण माईक डोक्यावरच असतो. बागेतल्या दृश्यांची गंमत वेगळीच: तिथे समोर कुणीच हसत नाही. ती फिल्म नंतर स्टुडिओतल्या प्रेक्षकांना दाखवायची आणि त्यांचा हशा ध्वनिमुद्रित करायचा. म्हणजे वाफ्यात उभं राहून, न झालेल्या हशासाठी अंदाजाने जागा सोडायची! केंडल ती जागा कामाने भरते: हातातलं फावडं, एखादी तिरकी नजर, तो किंचित घोगरा आवाज.

रंगभूमी तिने सोडली नाही. ‘ॲमेडियस’ (1979) मध्ये मोझार्टची बायको. पुढे टॉम स्टॉपर्ड यांची बरीच नाटकं. ‘आर्केडिया’ (1993) मधली हॅना ही बार्बराच्या अगदी उलट: कोरडी, चिकित्सक संशोधक. माझ्या मते तिचं सर्वांत अवघड काम तेच, कारण तिथे गोडवा मदतीला येत नाही. ‘रोझमेरी अँड थाइम’ ही 2003 ची बागकाम-आणि-खून मालिका त्यामानाने सोपी.

आणि 2023 मध्ये, वयाच्या 76व्या वर्षी, वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात, ‘नॉइझेस ऑफ’मधली डॉटी. एका नाटक मंडळीचा प्रयोग फसत जातो, त्यावरच्या या फार्सात सार्डिन माशांची बशी सतत ये-जा करते. ती चुकीच्या टेबलावर राहिली की पुढच्या नटाचा प्रवेशच कोलमडतो. नाटकात ही चूक मुद्दाम करायची असते, आणि ती करायची तर बशी दर प्रयोगाला बरोबर त्याच चुकीच्या जागी जायला हवी.