आधी प्रश्न समजून घेताना

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अ‍ॅलनडेल येथे ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठाचे मेरी आयडेमा प्यू ग्रंथालय २०१३ मध्ये सुरू झाले. येथील पुस्तकांचा मोठा साठा यांत्रिक कोठारात असतो आणि मागणी नोंदवली की यंत्र पुस्तकाची पेटी बाहेर काढते. पाहुणे या यंत्रापाशी रेंगाळतात. आम्हाला मात्र ‘नॉलेज मार्केट’ हा कक्ष अधिक महत्त्वाचा वाटला. तेथे लेखन, भाषण आणि संशोधन या कामांत विद्यार्थीच विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतात.

हे काम विद्यार्थ्यांकडे का सोपवावे, याचे एक कारण १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॉन्स्टन्स मेलन यांच्या अभ्यासात सापडते. सुमारे ६,००० विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाबद्दलची आपली पहिली प्रतिक्रिया भीतीच्या भाषेत मांडली होती. इतरांना सारे जमते, आपल्यालाच जमत नाही आणि काही विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, अशी त्यांची समजूत होती. ग्रंथपालांसमोर जे विचारायला जीभ रेटत नाही, ते एखाद-दोन वर्षे पुढे असलेल्या विद्यार्थ्याला विचारता येते.

अर्थात, हुशार विद्यार्थी आपोआप चांगला मार्गदर्शक होत नाही. त्याला स्वतः उत्तर शोधून देण्याची घाई असते आणि प्रशिक्षणाचा बराच भर ही घाई आवरण्यावर द्यावा लागतो. ‘मानसशास्त्रावर लेख हवेत’ असे म्हणणाऱ्याला खरे तर झोप आणि परीक्षेतील गुण यांचा संबंध तपासायचा असतो. हे दोन-तीन मोकळ्या प्रश्नांनंतरच कळते. मग समानार्थी शब्द ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही चालेल) आणि वेगळ्या संकल्पना ‘अँड’ने (दोन्ही हव्यात) जोडून लेखांच्या डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा, हे दाखवायचे, पण कीबोर्ड विचारणाऱ्याच्याच हाती ठेवायचा.

पुस्तकांच्या देवघेव विभागातील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण याहून वेगळे, आणि आमच्या मते अनेक ठिकाणी दुर्लक्षित, असते. प्रिंटर कुठे आहे, असे विचारत आलेला विद्यार्थी जाता जाता ‘लेखच मिळत नाहीत’ म्हणतो, तेव्हा त्यामागचा संशोधनाचा प्रश्न ओळखून त्याला मार्गदर्शक विद्यार्थ्याकडे पाठवायचे की थेट विषयतज्ज्ञ ग्रंथपालांकडे, हे त्या कर्मचाऱ्याला तिथल्या तिथे ठरवता आले पाहिजे.