ठेच्यावरचा आळ

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'पोटातल्या एका जंतूला दोन-दोन अँटिबायोटिक का?' त्यावर येतोच. आधी ठेच्याची बाजू मांडू द्या. (हशा) अंबाजोगाईपासून किनवटपर्यंत कुणाचंही पोट बिघडलं की दोष ठेच्याला. जळजळ होते, कबूल. पण जठरातली जखम, म्हणजे अल्सर, ठेच्यानं होत नाही. ती बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूमुळं होते, नाहीतर सांधेदुखीच्या गोळ्यांमुळं.

हे सापडलं ऑस्ट्रेलियात, पर्थला. रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल ह्या दोन डॉक्टरांना. जठरातला जंतू प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या प्लेटवर काही केल्या उगवेना. दोन दिवस बघायचं आणि फेकून द्यायचं, अशी रीत. १९८२ साली ईस्टरची सुट्टी आली, प्लेटा तशाच पडून राहिल्या, आणि जंतू उगवला! सुट्ट्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तरी कुणी मानेना, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतःच ते जंतू प्याला आणि जठराला सूज आणून बसला. नोबेल मिळालं २००५ साली. आपल्याकडं अजून ओव्याचा अर्क चालू आहे.

आता आमच्या दवाखान्यातली गंमत. एका शेतकऱ्याला चौदा दिवसांचा कोर्स दिला. महिन्याभरानं आला, पोट तसंच. गोळ्या संपवल्या का? म्हणाला, "संपल्या की साहेब. सात दिवस मी खाल्ल्या, सात दिवस भावाला देल्या. त्याचं बी पोट माझ्यावानीच जळतंय." ह्या दोघांत बांधावरून वीस वर्षं कोर्टात केस चालू आहे! जमिनीची वाटणी होईना. गोळ्यांची झाली, तीही बिनतक्रार. आणि त्यांनाच का हसता? मेडिकलवर कात्रीनं पट्टी कापून "सध्या चार दिवसांच्या द्या" म्हणणारे ह्या सभागृहातही असतील. मला तोंडं दिसतायत.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

हा जंतू युरियापासून अमोनिया करतो, त्यानं भोवतालचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट थरात दडून बसतो. आम्लात काही औषधं टिकत नाहीत, म्हणून आधी आम्ल कमी करणारी गोळी. अँटिबायोटिक दोन अशासाठी, की एकाला न जुमानणारे थोडे जंतू आधीच असतात. दुसरं त्यांना गाठतं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही जुनी जोडी. पण खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन, जुलाबाला मेट्रोनिडाझोल, असं खाऊन खाऊन आपण जंतूला सराव दिलाय. म्हणून आता पुष्कळदा चार औषधं: आम्लाची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल. चौदा दिवस, एकाच माणसानं.

बिस्मथनं शौचाला काळं होतं, तेवढ्यानं घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं झालं किंवा चक्कर आली, तर रक्त असू शकतं, लगेच या. मेट्रोनिडाझोलनं तोंड कडवट होतं. त्यावर दारू नाही; हे मागच्या रांगेसाठी.

कोर्सनंतर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची, आम्लाची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद ठेवून. त्या भावांना मग दोन वेगळे कोर्स दिले. तपासणीला दोघं एकाच दिवशी आले, दोन मोटारसायकलींवर. दोघांचीही निगेटिव्ह.