पणत्या रंगवून झाल्या, आता कामट्या आणा

नमस्कार. पत्रिकेत छापलंय की मी मोठ्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीतले पाच प्रोजेक्ट सांगणार. वेळ अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं माझा परिचय करून देण्यात गेली, तेव्हा बघू किती होतात.

माझी तक्रार साधी आहे. आठवीतल्या पोराला आपण पणती रंगवायला बसवतो आणि मग म्हणतो मोबाईल सोडत नाही. कसा सोडेल? पणतीत वाईटात वाईट काय होणार, रंग ओघळेल. (हशा) या वयाला फसू शकेल असं काम लागतं हो!

मी तेरा वर्षांचा असताना कंदील करायला घेतला. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, एकेक फुटाचे 24 तुकडे. चार-चारचे सहा चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा जोडायचे, बारा गाठी होतात, आणि मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. हे दिसलं तेव्हा मला वाटलं आपणच शोध लावला. मग ऐटीत सांगाडा उचलला आणि तो हातातच लुळा पडला, छत्री मिटावी तसा. मी दोऱ्याला शिव्या दिल्या, पुन्हा बांधला, पुन्हा तेच. शेवटी शेजारचे काका आले, काही न बोलता प्रत्येक चौकोनात दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधला, आणि सांगाडा ताठ! चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. हे भूमितीच्या तासाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असणार, मी ऐकलं नव्हतं.

पुढे मैद्याची खळ, पतंगाचा कागद, कागदाच्याच करंज्या, शेपट्या, सगळं झालं. खळीत मोरचूद टाकायचं राहिलं म्हणून एका रात्रीत झुरळांनी दोन शेपट्या खाल्ल्या, ते सोडा. (मोरचूद विषारी असतं, पोरांच्या हातात देऊ नका, आता फेविकॉल आहे.) नरकचतुर्दशीला पहाटे आत 60 वॅटचा बल्ब लावला, तो कागदाला टेकला आणि फराळ होईपर्यंत रुपयाएवढं भोक. आईने त्यावर चांदणी चिकटवली, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्या चांदणीचंच कौतुक करून गेला. अजून राग येतो. आता एलईडी आहेत, एवढे तापत नाहीत, तरी बल्ब मधोमध टांगायचा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतात. तर पटकन, दुसरा प्रोजेक्ट किल्ला. मातीचा ढीग, वर महाराज, खाली प्लॅस्टिकचा वाघ, हे पाचवीपर्यंत ठीक. मोठ्यांना खरा राजगड करायला लावा, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला. 1:50,000 चा कंटूरवाला, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा, नकाशा घ्या, लांबी-रुंदीला दहापट मोठा करा, म्हणजे दोन रेषांमधली 20 मीटरची उंची 4 मिलीमीटर होते, साधारण खोक्याच्या पुठ्ठ्याची जाडी. एक कंटूर, एक थर, कापा आणि रचत जा.

तिसरा पतंग, चौथा वहीची शिवण-बांधणी, पाचवा मीच विसरलोय. (हशा)

कामट्या मागे टेबलावर ठेवल्यात. लागतात 24, पण प्रत्येकाने 26 घ्या, दोन मोडतातच.